घ्राणतंत्रिकांची मेंदूशी जोडणी

नाकातील गंधग्राही तंत्रिका कोशिकांपासून (मज्जापेशींपासून) निघणारे तंतू कवटीतून आत शिरून मेंदूतील ठराविक बिंदूंशी जोडले जातात. या घटनेस घ्राणतंत्रिकांची मेंदूशी जोडणी म्हणतात. वासाची ओळख सर्वस्वी या जोडणीवर अवलंबून असते. गुलाबाचा वास देणारा रेणू मेंदूपर्यंत कधीच पोहोचत नाही. मेंदूपर्यंत पोहोचतो तो केवळ विद्युत् संदेश. गुलाबाने व धुराने उद्दीपित झालेल्या कोशिकांमधील संदेश स्वरूपाने सारखेच असतात. संदेश मेंदूतील कोणकोणत्या ठिकाणी आले, यावरूनच एक वास दुसऱ्यापासून वेगळा ओळखला जातो. त्यामुळे तंतू चुकीच्या ठिकाणी जोडला गेला, तर वास येतो पण तो भलताच येतो.

अन्य ज्ञानेंद्रियांच्या तुलनेत ही जोडणी दोन कारणांनी विलक्षण ठरते. डोळ्यातील जालपटलावर शेजारी असलेल्या कोशिकांचे संदेश मेंदूतही शेजारीच पोहोचतात. म्हणजे बाह्य दृश्याचा नकाशाच मेंदूत उतरतो. वासांना मात्र असे स्थान नसते, आणि नाकात अगदी शेजारी असलेल्या दोन कोशिका बहुधा निरनिराळ्या वासांना संवेदनशील असतात. नाकात विखुरलेल्या परंतु एकाच प्रकारच्या कोशिकांचे तंतू मेंदूत एकत्र आणावे लागतात. दुसरे कारण असे की, जालपटलातील तंत्रिका कोशिका नष्ट झाल्या, तर मानवात त्यांच्या जागी नव्या येत नाहीत. गंधग्राही कोशिका मात्र सतत मरत व नव्याने निर्माण होत असतात. म्हणून ही जोडणी एकदाच पूर्ण होत नाही, ती आयुष्यभर चालू राहते.

रचना : नाकाच्या पोकळीच्या छताजवळ घ्राण-उपकला (गंधग्राही कोशिकांनी युक्त असे पातळ अस्तर) असते. मानवात तिचे क्षेत्रफळ अवघे काही चौ. सेंमी. असून तीत काही दशलक्ष गंधग्राही कोशिका असतात. प्रत्येक कोशिकेस दोन टोके असतात. एक टोक अस्तराच्या पृष्ठभागापर्यंत येते व तेथे त्याच्या गाठीसारख्या भागापासून केसांसारख्या अतिसूक्ष्म पक्ष्माभिका निघून श्लेष्म्यात (शेंबडासारख्या चिकट द्रवात) पसरतात. हवेतील गंधरेणू श्लेष्म्यात विरघळून या पक्ष्माभिकांवरील ग्राही प्रथिनांना चिकटतात. दुसऱ्या टोकापासून अक्षतंतू (संदेश वाहून नेणारा लांब तंतू) निघतो. त्याचा व्यास सु. ०·२ मायक्रोमीटर (१ मायक्रोमीटर = मिमी.चा हजारावा भाग) इतका कमी असतो, शरीरातील सर्वांत बारीक तंतूंमध्ये त्याची गणना होते.

या अक्षतंतूंची जुडगी, आवरण कोशिकांनी वेढलेली, कवटीच्या तळाशी असलेल्या चाळणीसारख्या सच्छिद्र अस्थिपट्टाच्या भोकांमधून वर जातात. या सर्व जुडग्यांना मिळून घ्राणतंत्रिका म्हणतात. मस्तिष्क तंत्रिकांच्या बारा जोड्यांपैकी ही पहिली जोडी होय. अस्थिपट्टाच्या लगेच वर मेंदूचा घ्राणकंद हा भाग असतो. त्यात अक्षतंतू गोलाकार गुच्छिकांमध्ये शिरतात. उंदराच्या एका घ्राणकंदात सु. १,८०० ते २,००० गुच्छिका असतात. प्रत्येक गुच्छिकेत हजारो अक्षतंतू येतात व तेथे ते किरीट कोशिका (मुकुटाच्या आकाराच्या कोशिका) व तत्सम कोशिकांशी अनुबंधन (एका तंत्रिका कोशिकेकडून दुसरीकडे संदेश जाण्याचे स्थान) साधतात. किरीट कोशिकांचे तंतू पुढे घ्राणबाह्यकात, तसेच भावना व स्मृती यांच्याशी संबंधित भागांत जातात. इतर ज्ञानेंद्रियांचे संदेश थॅलॅमस या केंद्रातून बाह्यकाकडे जातात. वासाच्या संदेशांना ही पायरी ओलांडावी लागत नाही.

इतिहास : इटालियन शास्त्रज्ञ कामील्लो गॉल्जी यांनी १८७३ मध्ये चांदीच्या लवणाने तंत्रिका कोशिका रंगविण्याची पद्धत शोधून काढली. या पद्धतीने त्यांनी १८७५ मध्ये घ्राणकंदाच्या रचनेचे वर्णन केले. हीच पद्धत वापरून स्पॅनिश शास्त्रज्ञ सांत्यागो रामोन ई काहाल यांनी, गंधसंदेश नाकातून गुच्छिकेकडे व तेथून किरीट कोशिकांच्या द्वारे पुढे, असा एकाच दिशेने जातो, हे मत मांडले. सर्व तंत्रिका मिळून एक अखंड जाळे असते, असे गॉल्जी यांचे मत होते. प्रत्येक तंत्रिका कोशिका स्वतंत्र असते, असे काहाल यांचे. काहाल यांचे मत पुढे ग्राह्य ठरले. १९०६ चे शरीरक्रियाविज्ञान वा वैद्यक विषयाचे नोबेल पारितोषिक या दोघांना विभागून देण्यात आले.

रचना कळली तरी एखादा तंतू आपली गुच्छिका कशी शोधतो, हे कळण्यास मार्ग नव्हता. ब्रिटिश शारीरविज्ञ विल्फ्रिड ल ग्रो क्लार्क यांनी १९५०–६० या दशकात सशांवर प्रयोग केले. परंतु उपकलेचे भाग व घ्राणकंदाचे भाग यांच्यात फक्त ढोबळ संगती दिसून आली. दरम्यान अमेरिकन शास्त्रज्ञ रॉजर स्पेरी यांनी उभयचर प्राण्यांची दृक्‌तंत्रिका कापून पाहिली. डोळा फिरवून बसविला, तरी पुन्हा वाढणारे तंतू मेंदूतील आपल्या मूळच्या जागीच जात आणि त्या प्राण्याला जग उलटे दिसत असल्याप्रमाणे तो भक्ष्यावर विरुद्ध दिशेने झेप घेई. यावरून तंतू व त्यांची लक्ष्ये यांवर एकमेकांस जुळणाऱ्या रासायनिक खुणा असतात, असे मत स्पेरी यांनी १९६३ मध्ये सविस्तर मांडले. घ्राणतंत्रिकांवरील या खुणा कोणत्या, याचे उत्तर मिळण्यास गंधग्राही प्रथिनांचा शोध लागावा लागला.

ग्राही प्रथिने व गंधनकाशा : लिंडा बक व रिचर्ड ॲक्सेल या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये गंधग्राही प्रथिनांच्या जनुकांचे (आनुवंशिक लक्षणे निश्चित करणाऱ्या एककांचे) मोठे कुल शोधून काढले. उंदरात अशी कार्यक्षम जनुके एक हजाराहून अधिक, तर मानवात सु. ४०० आहेत. या कार्याबद्दल दोघांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढील संशोधनात असे आढळले की, एवढ्या जनुकांपैकी प्रत्येक गंधग्राही कोशिका फक्त एकच जनुक वापरते. तेही माता व पिता यांच्याकडून आलेल्या दोन प्रतींपैकी एकाच प्रतीतून. त्यामुळे कोशिकांचे प्रकार ग्राहींच्या प्रकारांइतकेच होतात. एक ग्राही अनेक गंधरेणूंना कमीअधिक प्रमाणात प्रतिसाद देतो व एक गंधरेणू अनेक ग्राहींना उद्दीपित करतो. म्हणून प्रत्येक वासाला गुच्छिकांचा एक विशिष्ट आकृतिबंध मिळतो. थोड्या अक्षरांतून अगणित शब्द तयार व्हावेत, तसा हा प्रकार आहे.

एकाच ग्राहीच्या कोशिका नाकात विखुरलेल्या असूनही त्यांचे तंतू घ्राणकंदात मोजक्याच ठिकाणी येतात, असे १९९४ मध्ये दिसून आले. पीटर मोम्बार्ट्स, ॲक्सेल व त्यांचे सहकारी यांनी १९९६ मध्ये याचा डोळ्यांना दिसणारा पुरावा दिला. त्यांनी उंदराच्या एका ग्राही जनुकाला अशी जोड दिली की, ते जनुक वापरणाऱ्या कोशिका त्यांच्या अक्षतंतूंच्या टोकापर्यंत निळ्या रंगविता येतील. नाकात इतस्ततः पसरलेल्या त्या कोशिकांचे निळे तंतू घ्राणकंदाजवळ एकत्र आले आणि साधारणपणे दोनच गुच्छिकांत शिरले : एक घ्राणकंदाच्या आतल्या बाजूची व दुसरी बाहेरच्या बाजूची. निरनिराळ्या उंदरांत त्या गुच्छिकांची स्थाने जवळजवळ सारखी होती.

याच प्रयोगमालेत एक अनपेक्षित गोष्ट आढळली. शास्त्रज्ञांनी एका ग्राहीच्या जनुकाच्या जागी दुसऱ्या ग्राहीचे जनुक घातले. ग्राहीचे काम फक्त वास ओळखण्याचे असते, तर तंतू आपल्या मूळच्या गुच्छिकेतच गेले असते. ग्राही हाच संपूर्ण पत्ता असता, तर ते दुसऱ्या ग्राहीच्या गुच्छिकेत गेले असते. प्रत्यक्षात ते तिसऱ्याच ठिकाणी एकत्र आले. यावरून दोन निष्कर्ष निघाले. नाकात वास पकडणारे प्रथिनच तंतूला मेंदूतील वाट दाखविण्यातही भाग घेते. मात्र पत्ता ठरविणारे ते एकटेच नाही.

जोडणीच्या पायऱ्या : उंदरावरील पुढील संशोधनातून, विशेषतः टोकिओ येथील हितोशी साकानो व त्यांच्या सहकाऱ्यांच्या कार्यातून, ही वाट टप्प्याटप्प्याने उलगडली. टपालाच्या पाकिटावर आधी जिल्हा, मग गाव व शेवटी घर पाहावे, त्याप्रमाणे तंतूची जागा क्रमाने निश्चित होत जाते.

पहिल्या टप्प्यात घ्राणकंदाची वरची किंवा खालची बाजू ठरते. येथे ग्राहीपेक्षा कोशिकेचे नाकातील स्थान महत्त्वाचे असते. उपकलेच्या वरच्या पट्ट्यातील कोशिका आधी पक्व होतात व त्यांचे तंतू घ्राणकंदाच्या वरच्या भागात प्रथम पोहोचतात. हे तंतू सेमाफोरिन-३एफ हे प्रतिकर्षक प्रथिन बाहेर टाकतात. मागाहून येणाऱ्या तंतूंवर या प्रथिनाचा न्यूरोपिलिन-२ हा ग्राही असतो. त्यामुळे ते वरच्या भागापासून दूर, म्हणजे खालच्या बाजूस वळतात. आधी आलेल्यांनी जागा धरावी व मागून येणाऱ्यांना पुढे सरकवावे, असा हा प्रकार होय.

दुसऱ्या टप्प्यात पुढची किंवा मागची बाजू ठरते. यात गंधग्राही प्रथिनाचा प्रत्यक्ष भाग असतो. प्रत्येक प्रकारचा ग्राही, कोणताही वास नसतानाही, थोड्याफार प्रमाणात स्वतःहून कार्यरत राहतो. या स्वयंस्फूर्त कार्याची पातळी प्रत्येक ग्राहीची वेगळी असते व तिच्यानुसार कोशिकेत चक्रीय एएमपी या संदेशवाहक संयुगाचे प्रमाण कमीअधिक होते. त्या प्रमाणावर तंतूवर न्यूरोपिलिन-१ हे प्रथिन किती तयार होईल, हे अवलंबून असते. चक्रीय एएमपी जास्त असलेले तंतू घ्राणकंदाच्या मागील भागाकडे, तर कमी असलेले पुढील भागाकडे जातात. साकानो यांच्या गटाने २००६ मध्ये ही यंत्रणा दाखवून दिली. तंतूंची ही वर्गवारी ते घ्राणकंदात पोहोचण्यापूर्वीच, वाटेतील जुडग्यांमध्ये सुरू होते, असे २००९ मध्ये आढळले. म्हणजे तंतू केवळ लक्ष्याकडील खुणांवर अवलंबून नसून सहप्रवासी तंतूंशी तुलना करूनही आपला क्रम लावतात.

तिसऱ्या टप्प्यात जवळजवळच्या तंतूंची अंतिम निवड होते. येथे कोशिकेतील विद्युत् क्रियाशीलतेनुसार तंतूवर किरेल-२ व किरेल-३ ही चिकटविणारी, तसेच एफ्रिन गटातील दूर लोटणारी प्रथिने वेगवेगळ्या प्रमाणांत तयार होतात. सारख्या खुणांचे तंतू एकमेकांना चिकटतात व भिन्न खुणांचे एकमेकांपासून दूर होतात. याचा परिणाम म्हणून प्रत्येक गुच्छिका अखेरीस एकाच ग्राहीच्या तंतूंची होते.

गंधाचा अनुभव या जोडणीस कितपत आवश्यक आहे, हेही तपासण्यात आले. ज्या उंदरांत वासाचा संदेश निर्माण करणाऱ्या यंत्रणेतील एक महत्त्वाचे प्रथिन नसते, त्यांना वास येत नाही. तरी त्यांच्यातील बहुतेक तंतू योग्य ठिकाणी एकत्र येतात. याउलट कोशिकांची स्वयंस्फूर्त विद्युत् क्रिया दाबून टाकली, तर गुच्छिकांची घडण बिघडते. म्हणजे नकाशाची मुख्य आखणी वास घेण्यापूर्वीच होते.

कीटकांतील वेगळी रीत : फळमाशीच्या (ड्रॉसोफिलाच्या) मेंदूतही अशाच गुच्छिका असतात, त्यांची संख्या सु. ५० असते. एक ग्राही–एक गुच्छिका हे तत्त्व तेथेही बहुतांशी लागू पडते. परंतु माशीत ग्राही प्रथिन वाट दाखविण्याचे काम करीत नाही. तेथे मेंदूतील पुढच्या कोशिका आपल्या शाखा आधीच योग्य ठिकाणी पसरून ठेवतात व नंतर येणारे तंतू कोशिकांच्या वंशक्रमानुसार ठरलेल्या खुणांनी त्यांच्यापर्यंत पोहोचतात. एकाच रचनेपर्यंत निसर्ग दोन निराळ्या मार्गांनी आला, हे यावरून दिसते. फळमाशीच्या घ्राणशक्तीच्या आनुवंशिक अभ्यासाचा पाया घालणाऱ्यांत मुंबई येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील ओबेद सिद्दीकी व व्हेरॉनिका रॉड्रिग्ज यांचा समावेश होतो. त्यांनी १९७८ मध्ये वासाला नेहमीपेक्षा वेगळा प्रतिसाद देणाऱ्या उत्परिवर्तित (आनुवंशिक बदल झालेल्या) माश्यांचे वर्णन केले. रॉड्रिग्ज यांनी पुढे माशीच्या घ्राणतंत्राच्या विकासावर दीर्घकाळ संशोधन केले.

पुनर्निर्मिती : गंधग्राही कोशिकेचे टोक नाकातील हवेत जवळजवळ उघडेच असते. धूळ, विषारी वायू, जंतू व विषाणू यांचा मारा तिच्यावर थेट होतो. त्यामुळे या कोशिका अल्पायुषी असून उंदरात त्या काही आठवडे ते काही महिने जगतात. उपकलेच्या तळाशी असलेल्या मूल कोशिकांपासून नव्या कोशिका तयार होतात, हे पास्क्वाले ग्रात्सिआदेई व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०–८० या दशकात दाखविले. प्रौढ मानवाच्या उपकलेतही नव्या तंत्रिका कोशिका निर्माण होत असतात, यास २०२० मध्ये प्रबळ पुरावा मिळाला.

नव्या कोशिकेच्या तंतूला जुनी वाट सापडणे आवश्यक असते. उंदरात केवळ एकाच ग्राहीच्या कोशिका मुद्दाम नष्ट केल्या असता, त्यांच्या जागी आलेल्या नव्या कोशिकांचे तंतू पुन्हा त्याच गुच्छिकेत गेले (२०००). आसपासचे तंतू शाबूत असले म्हणजे त्यांच्या सोबतीने नवे तंतू योग्य जागी पोहोचतात. परंतु संपूर्ण घ्राणतंत्रिकाच कापली, तर नवे तंतू घ्राणकंदात पोहोचले तरी अनेक चुकीच्या गुच्छिकांत शिरतात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन संशोधनांनी याचे स्पष्टीकरण दिले. उंदराच्या जन्मानंतरच्या सु. पहिल्या आठवड्यात विस्कटलेला नकाशा पूर्ववत होऊ शकतो; त्यानंतर ती क्षमता राहत नाही. लहानपणी आखलेली वाट मोडली, तर प्रौढपणी ती पहिल्यापासून आखता येत नाही. शिल्लक असलेल्या वाटेनेच जावे लागते.

मानवी आरोग्याशी संबंध : अपघातात डोक्याला जोराचा मार बसला असता मेंदू कवटीच्या आत हलतो आणि अस्थिपट्टाच्या भोकांतून जाणारे नाजूक तंतू तुटू शकतात. त्यामुळे कायमचे अघ्राणत्व (वास अजिबात न येणे) येण्याचा संभव असतो. विषाणुजन्य सर्दीनंतरही घ्राणशक्ती काही काळ किंवा कायमची जाऊ शकते. २०२० पासून जगभर पसरलेल्या कोविड-१९ च्या साथीत असंख्य लोकांना हा अनुभव आला. या रोगाचा विषाणू प्रामुख्याने गंधग्राही कोशिकांवर नव्हे, तर त्यांच्या भोवतालच्या आधार कोशिकांवर हल्ला करतो. म्हणून बहुतेक रुग्णांचा वास काही आठवड्यांत परत आला. काहींचा मात्र दीर्घकाळ परतला नाही.

बरे होत असताना काही रुग्णांत गंधविपर्यास आढळतो. कॉफी, कांदा, लसूण, तळलेले पदार्थ यांसारख्या परिचित वस्तूंना जळका किंवा कुजका वास येऊ लागतो. नव्याने वाढणाऱ्या तंतूंची अपुरी किंवा चुकीची जोडणी हे याचे एक संभाव्य कारण मानले जाते. रुग्णाच्या दृष्टीने ही अवस्था वास नसण्यापेक्षाही त्रासदायक असते : जेवण नकोसे होते, वजन घटते, आणि इतरांना ही तक्रार काल्पनिक वाटते. वास्तविक ती काल्पनिक नसते. संदेश खराच असतो, पण तो चुकीच्या पत्त्यावर पोहोचलेला असू शकतो. वास न येणे हेही धोक्याचे असते. स्वयंपाकाच्या गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम दिलेला उग्र दर्प, धूर किंवा नासलेले अन्न अशा व्यक्तीस ओळखता येत नाही. म्हणून अघ्राणत्व असलेल्या व्यक्तीच्या घरी धूर व गॅस यांची सूचना देणारी उपकरणे असणे हिताचे ठरते.

खात्रीने गुण देणारे औषध यावर उपलब्ध नाही. जर्मनीतील टोमास हुमेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये गंधसरावाची पद्धत मांडली. तीत गुलाब, निलगिरी, लिंबू व लवंग हे चार वास रोज दोनदा, बारा आठवडे लक्षपूर्वक हुंगावयाचे असतात. या सरावाने अनेक रुग्णांची घ्राणशक्ती काही प्रमाणात सुधारते. परंतु सुधारणा सावकाश होते व सर्वांना सारखा लाभ होत नाही. नव्या तंतूला नाकापासून गुच्छिकेपर्यंत वाढत जाऊन तेथे पक्के अनुबंधन साधावे लागते, हे लक्षात घेता हा विलंब स्वाभाविक आहे. अशा रुग्णाने दोनचार आठवड्यांत निराश होऊन सराव सोडू नये.

घ्राणतंत्रिकांचे महत्त्व वासापुरते मर्यादित नाही. प्रौढ सस्तन प्राण्यांत मेंदू व मेरुरज्जू यांमधील तुटलेले तंतू सहसा पुन्हा वाढत नाहीत. घ्राणतंत्रिकेचे तंतू मात्र आयुष्यभर मेंदूत शिरून नव्या जोडण्या करीत राहतात. त्यांना वाटेत सोबत करणाऱ्या आवरण कोशिका दुखावलेल्या मेरुरज्जूत रोपण करून तेथील तंतू वाढविता येतील काय, यावर प्राण्यांत व थोड्या रुग्णांत प्रयोग झाले आहेत. परंतु ही चिकित्सा अद्याप प्रस्थापित झालेली नाही. तंतू वाढणे व तो योग्य जागी पोहोचणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि दुसरीवाचून पहिलीचा उपयोग नाही, हे घ्राणतंत्रिकांच्या अभ्यासातून विशेष स्पष्ट झाले आहे.